बाप जिवंत असताना

इझबासरनं आयुष्यात काही कमी चुका केल्या नाहीत. एकदा त्यानं नवी कोरी मोटार उभ्या उंटावर घातली आणि वर उंटालाच शिव्या मोजल्या. एकदा वेल्डिंग करताना स्वतःचाच बूट जाळला. असल्या चुकांवर गाव हसतं आणि विसरून जातं. मेंढ्याच्या डोक्याच्या चुकीवर मात्र आमच्या आख्ख्या मांगिस्ताऊ प्रांतात कोणी हसलं नाही, यातच काय ते समजा.

पंगतीत मानाच्या माणसापुढं मेंढ्याचं उकडलेलं डोकं येतं. तो सुरी घेतो, गालाचा तुकडा आपण खातो, कान पोराटोरांना देतो आणि ताट पुढं सरकवतो. ज्याचा बाप जिवंत आहे त्यानं मात्र त्या डोक्याला सुरी लावायची नसते. मग तो मंत्री असो, नाहीतर त्याच्या नातवंडांना मिसरूड फुटलेलं असो. ताट चुकून समोर आलंच तर म्हणायचं, ‘माझे वडील आहेत,’ आणि शेजाऱ्याकडं द्यायचं. तीन शब्द. आमच्याकडं शेंबडं पोरही जाणतं, आणि इझबासर अठ्ठावन्न वर्षांचा होता.

त्याची हयात पाइप जोडण्यात गेली. माळाखालून जाणाऱ्या काळ्या नळीतले कितीतरी जोड त्याच्या हातचे आहेत. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी पापण्या जळाल्या त्या पुन्हा धड आल्याच नाहीत. पाठ गेली तेव्हा कंपनीनं त्याच्या डोक्यावरचं हेल्मेट काढलं, गळ्यात टाय बांधला आणि त्याला लोकसंपर्काच्या खुर्चीत बसवलं. म्हणजे कंपनीनं खणायचं आणि खणलेल्या जागी ज्यांचं काही होतं त्यांची समजूत इझबासरनं काढायची. यात त्याला लाज वाटावी असं काही नव्हतं. तेलाला नावं ठेवणारा माणूस आमच्याकडं औषधालाही मिळायचा नाही, आणि मिळालाच तर त्याचा जावई तेलावर कामाला असतो. शाळेचं छप्पर तेलाचं, म्हाताऱ्यांची पेन्शन तेलाची, लग्नातला गायकसुद्धा तेलाच्याच पैशावर गळा काढतो. जगात कुठंतरी कोणी कोणावर बाँब टाकला की आमच्या दुकानात मॅकरोनीचा भाव हलतो.

उत्तरेला लढाई पेटली त्या वर्षी तर कहर झाला. आमचं बहुतेक तेल शेजाऱ्याच्या मुलखातून, शेजाऱ्याच्या बंदरावरून जगात जातं. कधी तिकडून निरोप आला, वादळानं धक्का मोडलाय, थांबा. कधी आला, समुद्रात जुने सुरुंग सापडलेत, थांबा. दर ‘थांबा’ला आमच्या टेंगे नाण्याचा भाव घसरला. घराला एकच दार आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात, हे देशाला तेव्हा कळलं, आणि कळल्यावर अशी घाई सुटली की काही विचारू नका. आपल्या किनाऱ्यापर्यंत नवी पाइपलाइन, तिथून जहाजानं कास्पियनपलीकडं, आणि मध्ये खडूच्या कड्याखाली टाक्या आणि पंपिंग स्टेशन. हिवाळ्याच्या आत. कड्याखाली सपाट जागा एकच होती, आणि त्या जागेवर तोलेपची विहीर होती.

तोलेप हा इझबासरचा खापरपणजोबा. विहीर खणताना त्याचा सख्खा भाऊ आत दरडीखाली गेला आणि तिथंच राहिला. पाणी मचूळ आहे, पण त्या घरात त्याला गोड म्हणायची रीत आहे. विहिरीपाशी इझबासरचा बाप राहायचा. कोसबेर्गेन त्याचं नाव. वय शहाऐंशी, उंट पाळणारा, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. उंटांना हाकावं लागत नसे. दिवसभर माळावर चरून संध्याकाळी ते आपापले विहिरीवर यायचे आणि म्हाताऱ्यानं पोहऱ्यानं काढलेलं पाणी प्यायचे.

कंपनीचा साहेब दाउरेन, पस्तिशीचा, राजधानीचा, घरात रशियन बोलणारा. माणूस वाईट नव्हता. वरून रोज फोन येऊन येऊन त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, इतकंच. तो इझबासरला म्हणाला, “इझेके, मंत्रालयाची माणसं येणार, परदेशी येणार. कामाच्या शुभारंभाला तुमच्या वडिलांनीच दुवा द्यायला हवी. जागा त्यांच्या घराण्याची. ते हात उचलतील तर गाव गप्प बसेल.”

अठ्ठावन्नाव्या वर्षी साहेबानं असं मानानं ‘इझेके’ म्हणावं, याचं इझबासरला अजून अप्रूप होतं. तो तडक बापाकडं गेला. कोसबेर्गेन उंटिणीच्या पायांशी बसून दूध काढत होता.

“विहीर बुजवणार?” म्हाताऱ्यानं मान न वळवता विचारलं.

“बुजवावी लागणार, आके. पण तुम्हाला पक्कं घर देतायत. नळ देतायत. उंटांना नवा हौद, थोडा पुढं.”

“उंटांना सांगितलंस, थोडा पुढं म्हणून?”

“आके, देशाचं काम आहे.”

“मग मी कुठं आडवा येतोय? जमीन सरकारची. घर देतील तिथं जाईन, नळाचं पाणी पिईन. आणि तुझ्या पगारावर माझी औषधं येतात, ते विसरलो नाही मी.” कोसबेर्गेननं मडकं बाजूला ठेवलं. “पण पाणी बुजवायला हात उचलून दुवा द्या, असं मला सांगू नको. तेवढं नाही होणार माझ्याच्यानं. बुजवा. पण गुपचूप बुजवा.”

हे इतकं सरळ होतं. जाऊन साहेबाला जसंच्या तसं सांगायचं, बस. पण वाटेत इझबासरच्या मनात आलं, साहेब म्हणेल, स्वतःच्या बापाची समजूत घालता येईना, हा कसला लोकसंपर्क? तो गेला आणि म्हणाला, “वडिलांचे पाय फार दुखतात. त्यांच्यानं येववणार नाही.”

“अरेरे,” दाउरेन म्हणाला, आणि त्याला मनापासून वाईट वाटलं. “मग तुम्हीच द्या ना दुवा, इझेके. रक्त तेच, आणि आता दाढीही पिकलीये.”

इझबासर नको म्हणाला. पण कसा, तर लग्नघरी दुसऱ्यांदा वाढताना नको म्हणतात तसा.

शुभारंभाला माळावर पांढरा तंबू उभारला. आत गालिचे, मंत्रालयातला पाहुणा, दोन परदेशी, वर घिरट्या घालणारं ड्रोन. आचारी राजधानीहून विमानानं आणलेले. त्यांना पंगत सजवायची माहिती, पण कोण कुणाचा मुलगा हे कसं माहीत असणार? इझबासरला सगळ्यात आतल्या, मानाच्या जागी बसवलं. दाराजवळ गावची माणसं होती. त्यांच्यात ताबिल्दी होता, क्रेनवाला, इझबासरच्याच वयाचा. एका वयाच्या माणसांना आमच्याकडं एकमेकांची वाटेल ती थट्टा करायची मुभा असते आणि ऐकणाऱ्याला रागवायची नसते. ताबिल्दीनं ही मुभा चाळीस वर्षांत एक दिवसही वाया घालवली नव्हती.

“काय रे, टाय कुणी बांधून दिला?” तो दारातूनच ओरडला. “बायकोनं की कंपनीनं?”

“तुझ्या मानेला टाय पुरायचा नाही लेका, उंटाचं दावं लागेल.”

“असू दे असू दे. घट्ट बांधलेलं दिसतंय, जेवण उतरेल ना?”

मंडळी हसली. इझबासरचा मुलगा नार्ताय, त्याच कंपनीत इंजिनिअर, पाहुण्यांच्या हातावर पाणी घालत फिरत होता. तोही हसला. आणि तेवढ्यात ताट आलं. डोकं इझबासरपुढं ठेवलं गेलं, तोंड त्याच्याकडं करून, अगदी रीतीप्रमाणं.

आता बोलायचं होतं. शब्द जिभेवर आले होते, हे त्यानं पुढं शपथेवर सांगितलं. पण ‘माझे वडील आहेत’ म्हटलं की मंत्रालयातला पाहुणा सौजन्यानं विचारणार, ‘अरे वा, मग कुठं आहेत?’ मग पायदुखीचं खोटं सगळ्या गावासमोर पुन्हा सांगावं लागणार, आणि गावानं तर म्हाताऱ्याला कालच उंटावर बसून जाताना पाहिलेलं. दाउरेन आशेनं बघत होता. कॅमेरा बघत होता. इझबासरनं सुरी उचलली, गालाचा तुकडा कापला आणि तोंडात घातला.

गावच्या माणसांनी आपापल्या थाळीत मान घातली. नार्तायच्या हातातली झारी तिरकी झाली आणि पाणी परदेशी पाहुण्याच्या बाहीवर सांडलं. इझबासर चावत राहिला. गिळायला मात्र त्याला चहा घ्यावा लागला. मग त्यानं हात उचलून दुवा दिली, देशाला, कंपनीला, पाइपलाइनला. शब्द चांगले होते. आवाज कुणा परक्याचा असावा तसा त्याच्या कानावर येत होता.

बाहेर गाड्यांपाशी तो ताबिल्दीची वाट बघत थांबला. आता हा सालटी काढणार, काढू दे, मोकळं तरी वाटेल. ताबिल्दी आला, थांबला, आणि खाली बघून म्हणाला, “दमला असाल. घरी जा आता.”

चाळीस वर्षांत ताबिल्दीनं त्याला पहिल्यांदा ‘तुम्ही’ म्हटलं. इझबासरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

व्हिडिओ त्याच्याआधी घरी पोचला होता. बायको आयगानिम फोन समोर ठेवून बसली होती. ती सासऱ्याचं नाव घेत नाही, आमच्या सुना घेत नाहीत.

“अहो, त्यांना तुम्ही गाडलंत,” ती म्हणाली. “जेवता जेवता गाडलंत. मी कोणत्या तोंडानं त्यांच्यापुढं चहा नेऊ?”

“तसं माझ्या मनात नव्हतं गं.”

“तोंडात तर होतं ना?”

तिनं लाटणं, पीठ आणि चार कपडे पिशवीत भरले आणि ती सासऱ्याकडं निघून गेली. इझबासर मागं उरला, फ्रीजमधली गोठलेली पाकिटं उकळून खात. बापाकडं जायला हवं होतं, त्याच दिवशी जायला हवं होतं. उद्या जाऊ म्हणाला. लाजेचं असंच असतं, पहिल्या दिवशी गेलं नाही की दुसऱ्या दिवशी दुप्पट लाज वाटते. विहीर बुजवायची ठरली त्या दिवशी त्यानं तालुक्याला एक बैठक काढली. नार्तायनं नंतर सांगितलं की बुलडोझरवाला परगावचा होता, पण त्यानं आधी टोपी काढली. म्हातारा बाजूला उभा होता, शेवटची माती पडेपर्यंत. संध्याकाळी उंट आले आणि नव्या कुंपणाला गळे टेकून उभे राहिले. नवा हौद तिथून दिसत होता. त्यांनी तिकडं पाहिलंसुद्धा नाही.

पुढच्या शुक्रवारी कामाच्या फाटकावर वेगळाच प्रकार सुरू झाला.

मेलेल्यांच्या नावानं आम्ही शुक्रवारी पातळ पोळ्या तळतो, शेलपेक म्हणतात त्यांना. तळणाचा वास त्यांच्यापर्यंत पोचतो असं मानतात. कोसबेर्गेन उंटावरून उतरला, गाठोडं सोडलं आणि ट्रकवाल्यांना, वेल्डरांना, पहारेकऱ्याला एकेक गरम पोळी वाटू लागला.

“घ्या बाळांनो, कोसबेर्गेनच्या नावानं.”

“त्यांना पोचो, आजोबा,” परमुलखातले कामगार आदबीनं म्हणत. “कोण होते तुमचे? भाऊ?”

“त्याहून जवळचा.”

“काय झालं होतं?”

“काही नाही रे. चांगला खात-पीत होता. मुलानं अचानक जाहीर केलं.”

आयगानिम पहिल्या दिवशी तळायलाच तयार नव्हती. “आके, जिवंत माणसाच्या नावानं तळायचं? पाप लागेल मला.”

“जिवंत कोण म्हणतं? तो व्हिडिओ बघ. मंत्रालयानं पाहिलंय, तू कोण नाही म्हणणारी? आणि एक जास्तीची तळ, विहिरीच्या नावाची.”

एका शुक्रवारी पोळी दाउरेनच्या मेजापर्यंत गेली. त्यानं विचारलं कुणाच्या नावाची, पहारेकऱ्यानं सांगितलं कोसबेर्गेनच्या. साहेब खुर्चीतून उठलाच. इझेकेंचे वडील गेले आणि आपल्याला पत्ता नाही! त्यानं कचेरीतल्या सगळ्यांच्या फोनवर शोकसंदेश टाकला, साखरेचं आणि पिठाचं पोतं गाडीत घातलं, चार माणसं घेतली आणि इझबासरचं दार ठोठावलं.

इझबासरनं बनियनवर, हातात चमचा घेऊन दार उघडलं. दाउरेननं त्याला कवटाळलं. “खचू नका, इझेके. इमान त्यांच्या सोबत असो.” मग दुसऱ्यानं मिठी मारली, मग तिसऱ्यानं. आणि इझबासर, काय सांगावं, मिठ्या घेत राहिला. चौथा होता हिशेबनीस, वयस्कर, गावचाच. त्यानं मिठी मारली नाही. तो नुसता बघत उभा राहिला, आणि त्या नजरेनं इझबासरचं तोंड उघडलं.

“आहेत ते,” तो म्हणाला.

“कोण?”

“वडील. माझे वडील आहेत.”

दाउरेनला काही उमगेना. “मग फाटकावर पोळ्या वाटतात ते म्हातारे कोण?”

“तेच.”

“स्वतःच्या नावाच्या?”

हिशेबनिसानं साहेबाला बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात रीत सांगितली. दाउरेनचे कान लाल झाले. तो परत आला तेव्हा त्याच्या आवाजातलं साहेबपण गेलं होतं. “मला ठाऊक नव्हतं. पण मी विचारलं होतं तुम्हाला, इझेके. तुम्ही म्हणालात पाय दुखतात.”

“पाय ठणठणीत आहेत त्यांचे. पाणी बुजवायला दुवा देणार नाही म्हणाले. बुजवा, पण गुपचूप बुजवा म्हणाले.”

“एवढंच? मग सांगितलं का नाहीत?”

“सांगितलं असतं तर काय केलं असतंत तुम्ही?”

दाउरेननं खोटा दिलासा दिला नाही. “बुजवली तर असतीच. पण दुवा न मागता.”

म्हणजे सगळं फुकट होतं. खोटं फुकट, डोकं फुकट, ती परक्या आवाजातली दुवा फुकट. खरं सांगितलं असतं तर कुणाचंच काही अडलं नसतं. पोती दारातच ठेवून मंडळी निघून गेली आणि इझबासरनं बनियनवर कोट चढवून बापाच्या नव्या घराची वाट धरली.

कोसबेर्गेन खिडकीखाली उशीला टेकून बसला होता. बाहेर नळ थेंब थेंब गळत होता. इझबासरनं सलाम केला, उत्तर नाही. आयगानिमनं दोनच पेले भरले.

“आके, मी आलोय.”

म्हातारा बायकांसारखा सुस्कारा टाकून सुनेला म्हणाला, “कुणीतरी कबरीवर आलंय वाटतं. आलाय तर काही म्हणेल की नुसता उभाच राहणार?”

“आके, असं करू नका.”

“म्हण. मेलेल्याला तेवढंच ऐकू येतं.”

इझबासर गुडघ्यावर बसला. शाळेत असताना देव नाही असं शिकवलेलं, पुढं ठिणग्यांत आयुष्य गेलेलं. त्यानं मेलेल्यांसाठीच्या प्रार्थनेच्या पहिल्या दोन ओळी म्हटल्या आणि तिसरीत अडकला. बापानं डोळे मिटूनच तिसरी ओळ सांगितली. मग चौथी. पाचवीला बापाचाच आवाज चिरकला आणि त्यानं डोळे उघडले.

“डोकं खाल्लंस ते मी हसण्यावारी नेलं असतं रे,” तो म्हणाला. “चिडलो, पोळ्या वाटल्या, दोन दिवस गंमत केली. माणूस घाबरतो, साहेबासमोर तर घाबरतोच. पण विहीर बुजवली त्या दिवशी मी तुझी वाट बघत होतो. बुलडोझरवाल्याला दोनदा थांबवलं मी. म्हटलं, थांब, माझा मुलगा येतोय.”

इझबासरला वर बघवेना. गालिच्यावर त्याचे दोन्ही हात पसरलेले होते, जळक्या खुणांचे, आणि ते त्याला कुठं ठेवावेत कळेना. “मला लाज वाटते, आके,” तो म्हणाला. “इतकी वाटते की तुमच्या दारापर्यंतही यायला जमत नव्हतं.”

“तुझ्या लाजेपायी मला एकट्याला उभं राहावं लागलं.” म्हाताऱ्यानं आपला पेला त्याच्याकडं सरकवला. अर्धा प्यालेला होता. “पी. आणि मेंढा आण. ज्यांच्यासमोर खाल्लंस, त्यांच्यासमोर.”

मेंढा कापला त्या दिवशी सगळे आले. मंत्रालयातलं कोणी आलं नाही, त्यांना दुसरीकडं काहीतरी उद्घाटन होतं. दाउरेन मात्र आला आणि कुणी सांगायच्या आत दाराजवळ, खालच्या जागी बसला. डोक्याचं ताट इझबासरनं स्वतः आणलं. बापापुढं ठेवलं आणि तो तसाच उभा राहिला.

“यांचे पाय दुखत नव्हते,” तो सगळ्यांना म्हणाला. आवाज लागत नव्हता, पण या वेळी तो त्याचाच होता. “मी खोटं बोललो. यांनी दुवा द्यायला नकार दिला होता आणि मी यांच्या जागी बसलो. विहीर बुजवताना मी पळून गेलो.”

कोसबेर्गेननं सुरी घेतली, गालाचा तुकडा कापला, सावकाश चावला, मीठ कमी आहे म्हणाला. मग कान कापला आणि इकडं तिकडं बघितलं. कान लहान मुलांना देतात, मोठ्यांचं ऐकावं म्हणून. खोलीत दोन-तीन लहान मुलं होती. म्हाताऱ्यानं हात लांब करून कान इझबासरपुढं धरला.

इझबासरनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि सगळ्यांसमोर तोंडात घातला. कान रबरासारखा असतो, लवकर संपत नाही. पन्नास माणसं त्याला चावताना बघत होती, त्याची सून, नार्तायची बायको, बघत होती, तिच्या माहेरचे बघत होते.

“नीट चाव लेका,” दाराजवळून ताबिल्दी म्हणाला. “दात आहेत का तुला अजून?”

खोली हसली. आयगानिम डोक्याच्या रुमालाआड हसली आणि मग तिथंच रडली. इझबासरच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि तो चावतच होता.

जेवण झालं. कोसबेर्गेननं हात उचलले तसे सगळ्यांनी उचलले. त्यानं उंटांसाठी मागितलं, पाऊस मागितला, वेल्डरांच्या डोळ्यांसाठी मागितलं. मग तेलासाठीही मागितलं: समुद्रात जहाज न बुडो, लढाई थांबो, दुकानातला भाव उतरो. दाउरेननं मान आणखी खाली घातली. नंतर म्हाताऱ्यानं इझबासरकडं बघितलं आणि त्याच्या शेजारी ओंजळ करून बसलेल्या नार्तायकडं बघितलं.

“आणि इझबासर,” तो म्हणाला, “तू मरेपर्यंत तुझा मुलगा तुला जगू देवो.”

“आमीन,” सगळे म्हणाले. नार्ताय सगळ्यांत मोठ्यानं म्हणाला. इझबासरनं ओंजळ तोंडावर फिरवली आणि बराच वेळ ती खाली आणलीच नाही.